पॅचखालचं माझं नाव

"वाचलं म्हणू नका मॅडम. काय वाचलं ते सांगा."

सरांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही समोरच्याने घाईने मान हलवली तर माझ्या तोंडून तेच निघतं. निघाल्यावर मला माझाच राग येतो. खुर्ची उलटी फिरवायची, तिच्या पाठीवर हनुवटी टेकवायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं, अशी त्यांची बसायची पद्धत. नवीन माणसाला वाटे, यांना डुलकी लागली. मग मध्येच एक डोळा उघडून ते म्हणत, "चौथ्या ओळीवरून उडी मारली तुमी." आणि खरंच मारलेली असे.

सर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या वसमतला ज्याला कॉम्प्युटरचं दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त कळतं तो सर होतो, जशी क्लास चालवते म्हणून मी मॅडम झाले. मूळचे ते हट्ट्याचे. पुण्यात एका कंपनीत बरीच वर्षं नोकरी करून परत आलेले. बसस्टँडमागच्या गल्लीत, खत-बियाण्याच्या दुकानावरची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. तिथे बसून ते पुण्या-मुंबईची कामं करत. खालून खताचा वास येई, वर जुना पंखा कुरकुरे आणि मध्ये सर उलट्या खुर्चीवर बसलेले. माझा क्लास त्याच गल्लीच्या तोंडाशी. त्यांनी गॅलरीत येऊन हाक मारली तर मला फळ्याजवळ ऐकू येत असे.

आम्हाला एकत्र आणलं ते पगाराच्या कामाने नव्हे. पुण्यातली एक संस्था विजेची आगाऊ सूचना देणारं अ‍ॅप चालवते. आकाशातली वीज, खांबावरची नव्हे. ढग जवळ यायला लागले की त्या टापूतल्या गावांमधले नोंदवलेले मोबाईल मोठ्याने वाजतात, भोंग्यासारखे, म्हणजे शेतातली माणसं झाडाखालून निघून घर गाठतात. अ‍ॅपचा सगळा कोड एका सामाईक ठिकाणी ठेवलेला आहे. वेगवेगळ्या राज्यांतली माणसं आपापल्या घरून त्यात दुरुस्त्या करतात. अशा एका दुरुस्तीला पॅच म्हणतात. ज्याने पॅच लिहिला त्याने तो आणखी दोघांकडून वाचून घ्यायचा, त्यांना पटलं की त्या दोघांची नावं "तपासणारे" म्हणून पॅचखाली लिहायची आणि मगच तो सामाईक कोडात घालायचा, असा नियम. नावं लावण्याचं काम तेव्हा लिहिणाऱ्याकडेच असे. सगळा कारभार भरवशाचा.

या भरवशाला सरांइतकं जपणारं दुसरं कुणी मी पाहिलं नव्हतं, म्हणून तर हे सांगते आहे.

एकदा बंगळूरचे एक मोठे गृहस्थ, हुद्द्याने आणि वयानेही मोठे, सरांच्या लांबलचक पॅचवर लगेच "ठीक आहे" म्हणून मोकळे झाले. सरांनी त्यांचं नाव लावलंच नाही. गृहस्थांनी विचारलं, माझं नाव कुठे? सरांनी नम्रपणे लिहिलं, की आपण पुन्हा एकदा सवडीने वाचावं, मी थांबतो. मला मात्र म्हणाले, "एवढ्या वेळात माणूस चश्मा बी पुसत न्हाई. यानं वाचलं म्हणं." पुढे ते गृहस्थ सवडीने वाचून एक चूक काढून परत आले, तेव्हा सरांनी खालून चहा मागवला आणि मलाही पाजला.

मला या कामात त्यांनीच ओढलं. माझ्या क्लासमधला एक प्रिंटर दुरुस्त करायला आले होते. फळ्यावर मी लिहिलेला छोटासा प्रोग्राम त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "हे तुमीच लिवलंय व्हय? मंग टायपिंग काहून शिकवता नुसतं?" दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. पहिला पॅच त्यांनी मला वाचायला दिला तो अवघा मूठभर ओळींचा. मी वाचला आणि वाचलं म्हणाले. त्यांनी खुर्ची उलटी केली. मी बोलू लागले आणि तिसऱ्या ओळीपाशी अडकले. ते रागावले नाहीत. "जा, क्लास घेऊन या. घाई न्हाई," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी परत गेले, सगळं सांगितलं आणि एक शंकाही विचारली. त्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आता लावतो नाव. कसं लावू? आडनाव लावू का?"

हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने साधा होता. माझ्यासाठी नव्हता. मी डोंगरकड्याची. आमचं घर बौद्धवाड्यातलं. आमच्या भागात आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं ते तुम्हीही जाणताच. भाड्याने खोली बघताना, क्लासची पहिली जाहिरात देताना, लोक नाव ऐकून पुढचा शब्द ऐकायला थांबतात आणि तो ऐकला की चेहऱ्यात काहीतरी हलतं. सरांचं घर शेतीवाडीवालं, मोठ्या वाड्यावस्तीचं. पण एका गल्लीत इतके महिने काढूनही त्यांनी कधी आडनाव विचारलं नव्हतं. आता विचारलं ते फक्त पॅचखाली काय लिहायचं म्हणून.

"पूर्ण लावा," मी म्हणाले.

एकेक अक्षर मोठ्याने म्हणत त्यांनी ते टाईप केलं. मध्ये विचारून घेतलं, दीर्घ की र्‍हस्व. त्या रविवारी मी गावी गेले आणि वडिलांना मोबाईलवर ते दाखवलं. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांनी दोन बोटांनी ते नाव मोठं केलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तू खरंच वाचलंस का हे, का नुसतं लावलंय?" मी म्हणाले, वाचलंय. "मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, जणू काढायचं की ठेवायचं हे त्यांच्या हातात होतं.

त्यानंतर सरांच्या पॅचवर बहुतेक वेळा माझं नाव असे आणि प्रत्येक वेळी त्यांनी विचारलेलं असे. माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी फोन आला. मागे वाजंत्री चालू, माझे दोन्ही हात पिवळे, फोन मावशीने माझ्या कानाला धरलेला. "मॅडम, तिकडं हळद लागून राहिली आसंल, मला ठाऊक हाये. एकच ओळ विचारायची." मी मंडपामागे जाऊन ती ओळ ऐकली, उत्तर दिलं. मावशी म्हणाली, "काहून गं, दवाखान्यातून फोन होता का?" तिला वाटलं कुणाच्या तरी जिवाचं आहे.

एका अर्थी होतंच. सरांचा एक चुलतभाऊ वीज पडून गेला होता. हट्ट्याच्या शिवारात, लिंबाखाली, औताचे बैल सोडून तो आडोशाला उभा राहिला होता. सर तेव्हा पुण्यात होते. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या बायकोने सांगितलं. सर स्वतः फक्त आभाळ भरून आलं की गॅलरीत जाऊन उभे राहत आणि आपल्या मोबाईलकडे बघत. तो वाजला की आत येऊन कामाला लागत. वाजला की त्यांना बरं वाटत असे.

पुढे अडचण आली ती या वाजण्याचीच. परतीच्या पावसाचे दिवस होते, सोयाबीनची काढणी चालू होती आणि ढग दिवसभर येऊन जात होते. मोबाईल पुनःपुन्हा वाजत. लोक कंटाळले. हट्ट्याचेच काहीजण येऊन सांगून गेले, "सर, तुमचा भोंगा लई तकलीफ देऊन राहिला. बंदच केलाय आमी." सरांना हे लागलं. त्यांनी ठरवलं, एकदा गावाला सूचना गेली की पुढे काही वेळ त्याच गावाला ती पुन्हा द्यायची नाही. त्यासाठी पॅच लिहायला घेतला. मला बोलता बोलता सांगितलंही, की असं काहीतरी करून राहिलोय. मी म्हणाले, झालं की दाखवा. माझ्या क्लासच्या परीक्षा होत्या. त्या आठवड्यात मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोरांच्या मागेच होते. मेल उघडायलाही झालं नाही.

सरांना त्या पॅचची घाई होती. दोन दिवसांनी जिल्ह्याच्या ठिकाणी अधिकाऱ्यांसमोर अ‍ॅप दाखवायचं होतं आणि तेव्हा ते सारखं वाजत राहिलं असतं तर शोभलं नसतं. हे सगळं मला मागाहून कळलं.

आधी कळलं ते असं. परीक्षेचा शेवटचा पेपर संपला होता, मी बाकं सरळ करत होते आणि पुण्याच्या संस्थेतल्या समन्वयक बाईंचा फोन आला. आवाज जपून वापरलेला. "तुमच्या भागात बोरगावला एका बाईंच्या अंगावर वीज पडली आहे. त्या वाचल्यात. पण तिथे सूचना गेलीच नाही. आपल्या नव्या पॅचमुळे." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही तो तपासलात तेव्हा एकाच नावाची दोन गावं असतील हे लक्षात आलं नाही का?"

"कोणता पॅच?" मी विचारलं.

त्यांना वाटलं, मी टाळते आहे. "खाली तुमचं नाव आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

मी कॉम्प्युटर उघडला. पॅच सरांचा होता. खाली तपासणाऱ्यांची दोन नावं होती. पहिलं ओडिशातल्या एका मुलीचं. तिने वाचला होता, तिचे प्रश्नही तिथेच होते, पण आमच्या जिल्ह्यातली गावं तिला कशी माहीत असणार. दुसरं नाव माझं. आडनावासकट, दीर्घ तिथे दीर्घ.

मग मी पॅच वाचला. पहिल्यांदा वाचला. गाव ओळखायला सरांनी फक्त गावाचं नाव घेतलं होतं. बोरगाव नावाची गावं आमच्याकडे ठिकठिकाणी आहेत. एक वसमत तालुक्यात, एक कळमनुरी तालुक्यात. त्या दुपारी कळमनुरीकडच्या बोरगावला सूचना गेली, मोबाईल वाजले, लोक घरी गेले. कोडाच्या हिशेबी बोरगावचं काम झालं होतं. थोड्या वेळाने ढग आमच्या बाजूच्या बोरगाववर आले तेव्हा कोड गप्प राहिला.

माझ्या आजोळचं गावही असंच दुहेरी नावाचं आहे. लहानपणापासून पत्र चुकण्याच्या, पाहुणे भलत्याच गावी उतरल्याच्या गोष्टी ऐकत आलेय. तो पॅच माझ्यासमोर आला असता तर पहिला प्रश्न मी हाच काढला असता, याबद्दल मला जरासुद्धा शंका नाही.

मी उठून सरांच्या खोलीवर गेले. ते नेहमीच्या खुर्चीवर होते, पण खुर्ची सरळ होती.

"सर, त्या पॅचखाली माझं नाव कसं आलं?"

"तुमी बघितला की."

"कधी?"

"फोन न्हाई का केला मी? क्लासच्या ल्यांडलाइनवर, बुधवारी दुपारी. तुमी म्हणल्या, ठीक हाये, लावा." ते स्क्रीनकडे बघून बोलत होते. "परीक्षेच्या गडबडीत होत्या तुमी. ध्यानात नसंल."

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? भांडले असेन? मी आठवू लागले. खरंच. जिना उतरताना, क्लासला कुलूप लावताना, घरी भाकरी थापताना मी तो बुधवार आठवत राहिले. दुपारी एका मुलीला चक्कर आली होती, तिला पाणी दिलं होतं, वीज गेली होती. कदाचित त्यातच फोन आला असेल. कदाचित मी "लावा" म्हणाले असेन. ज्या माणसाने मला वाचायला शिकवलं तो खोटं बोलेल यापेक्षा मी विसरले असेन हे मानणं सोपं होतं. दोन दिवस मी तेच मानत होते. त्या दोन दिवसांचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही. नाव त्यांनी माझ्या माघारी लावलं होतं. पण माझ्याच आठवणीवरचा माझा विश्वास त्यांनी समोर बसून काढून घेतला होता.

संस्थेने सगळ्यांची बैठक घेतली, कॉम्प्युटरवरच, चौकोनाचौकोनातून चेहरे. पॅच आधीच मागे घेतला होता. काय घडलं ते सरांनी शांतपणे, शुद्ध पुणेरी मराठीत सांगितलं. ते तसं बोलू शकतात हे मला माहीत होतं, पण मी कधी ऐकलं नव्हतं. "चूक माझ्या कोडमध्ये होती, ती मी मान्य करतो. तपासणीत ती सुटली." समन्वयक बाईंनी मला विचारलं. फोनचं मला अजून खात्रीने सांगता येत नव्हतं, पण पॅच आपण वाचला नाही एवढं पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "मी हा पॅच वाचलेला नाही. मला तो दाखवलेला नव्हता."

मग सर म्हणाले, आणि फार मायेने म्हणाले, "मॅडमना बहुतेक आठवत नसेल. त्यांच्यावर त्या दिवसांत कामाचा फार ताण होता. माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही."

त्या मायेने मी हरले. त्यांनी आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. ओडिशातली मुलगी मान खाली घालून बसली होती. तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं आणि तिलाच सगळ्यात जास्त लाज वाटत होती. दोघांचं म्हणणं जुळत नाही, तेव्हा पुढचं ठरेपर्यंत दोघांनीही तपासणी थांबवावी, असा निर्णय झाला. बंगळूरचे ते गृहस्थ शेवटी एवढंच म्हणाले, की हे सगळं क्लेशदायक आहे. त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना मला होती. गावाकडच्या बाईने न वाचता हो म्हटलं आणि आता नाही म्हणते आहे.

नंतरच्या रविवारी मी बोरगावला गेले. सांगून गेले नव्हते. कौसाबाई ओसरीवर बसल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधलेला. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकत असताना बांधावरच्या बाभळीवर वीज पडली होती. त्या बाजूला फेकल्या गेल्या. डाव्या कानाने आता ऐकू येत नव्हतं. मी उजवीकडे जाऊन बसले.

"तुमी त्या मोबाईलवाल्या का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

"फोन कमरंलाच होता बाई. चार्जिंग बी होतं." त्या तक्रार करत नव्हत्या, मला समजावून सांगत होत्या. "आधी आमी आभाळ बघून पळायचो. आभाळ काळं झालं की पोरी घेऊन घरी. आता आभाळ कोण बघतंय, फोन बघायचा. वाजला न्हाई, मी म्हनलं अजून लांब हाये. गंज झाकून होईल."

त्यांच्या सुनेने चहा आणला. निघताना कौसाबाईंनी विचारलं, फोन आता ठेवू का काढून टाकू. मी त्यांना म्हणाले, ठेवा, पण आभाळही बघा. दुसरं काय सांगणार होते.

परत येताना एसटीत मला त्या बुधवारची दुपार स्पष्ट झाली. नवीन काही आठवलं नाही. फक्त मनातला गोंधळ निवळला. फोन आला नव्हता. हळदीच्या दिवशीची एक ओळ ज्या बाईला अजून पाठ आहे ती एवढा अख्खा पॅच कसा विसरेल?

मी बोरगावला गेल्याचं सरांना कळलं. ते क्लासवर आले, मुलं गेल्यावर. दारातच उभे राहिले.

"बाई कशी हाये?"

"एक कान गेला."

ते आत येऊन शेवटच्या बाकावर बसले. मी फळा पुसत राहिले.

"मी विचारलं न्हवतं तुमाला," ते म्हणाले. "मला म्हाईत हाये. फोन केलाच न्हवता."

मी डस्टर खाली ठेवला. "काहून सर? हाकेच्या अंतरावर होते मी."

"तुमी प्रश्न काढला असता. तुमी काढताच. मंग अजून दोन दिवस गेले असते." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हनलं, मॅडम काय न्हाई म्हणणार हायेत. मागून सांगू."

"मग बैठकीत खरं का नाही बोललात?"

"मॅडम, माझ्या भावाचं तुमाला ठाऊक हाये. आन आता ही बाई. माझ्या एकट्याच्या हातून झालं म्हणायला जीभ उचलंना झाली. दोघांचं नाव आसलं की जरा..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मला त्यांची कीव आली, हे मी लपवत नाही. त्या क्षणी त्यांनी म्हटलं असतं की आत्ता फोन लावतो, तर मी सगळं तिथेच सोडून दिलं असतं. मी त्यांना तेच सांगितलं. "आता समन्वयक बाईंना सांगा. मला जे सांगितलं तेवढंच."

"आता सांगून काय होतंय? तुमाला कुणी काही करणार न्हाई. तुमची परत सुरू होईल तपासणी. माझं तर सगळंच जाईल. हैदराबादला एका कंपनीशी बोलणं चालू हाये माझं, ते लोक हेच काम बघून राहिले."

"माझं नाव आहे सर त्याच्याखाली."

"नाव तर आता निघत बी न्हाई मॅडम," ते म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात. आणि ते खरं होतं. सामाईक कोडात एकदा लागलेलं मागचं नाव पुसता येत नाही, नव्या दुरुस्त्या त्याच्यावर रचल्या जातात आणि ते खाली तसंच राहतं.

ते गेल्यावर मी दार लावायला गेले आणि बाकावर बसून रडले. त्याच बाकावर, कारण तेच जवळ होतं.

घरी वडील आले होते, त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, या लोकांवर भरवसा ठेवायचा नसतो. तसं काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "आता दोन बोरगावांचं काय? ते नीट झालं का?"

नीट झालं नव्हतं. पॅच मागे घेतल्यामुळे सगळे मोबाईल पुन्हा पहिल्यासारखे सतत वाजत होते आणि लोक ते बंद करत होते. मग मीच लिहायला घेतलं. तपासणी थांबवली होती, लिहायला बंदी नव्हती. गाव नावाने ओळखायचं नाही, सरकारी नोंदीत प्रत्येक गावाला जो क्रमांक असतो त्याने ओळखायचं. लिहून झाल्यावर सामाईक ठिकाणी टाकलं आणि कुणीतरी तपासावं म्हणून वाट बघत बसले. ओडिशातल्या मुलीने घेतलं. तिने तीन वेळा उलटसुलट प्रश्न विचारले, मग होकार दिला. दुसऱ्या नावासाठी कुणी पुढे येईना. माझ्या पॅचखाली नाव लावून घ्यायची लोकांना आता भीती वाटत असावी.

आणि एके दिवशी सरांचं लिहिलेलं आलं. त्यांची तपासणीही थांबवलेली होती, पण समन्वयक बाईंनी त्यांना या एका पॅचपुरती परवानगी दिली होती, त्यांनीच मागितली म्हणून. त्यांनी ओळीनुसार लिहिलं होतं, काय वाचलं ते. शेवटी होतं: परभणी जिल्ह्याच्या हद्दीवर तिसरं बोरगाव आहे, त्याचा क्रमांक तुमच्याकडून चुकला आहे, तपासा.

मी तपासलं. चुकला होता. दुरुस्त केला. त्यांनी पुन्हा वाचलं आणि लिहिलं, "आता बराबर आहे. नाव लावायला हरकत नाही."

तेव्हाही नावं लावायचं काम लिहिणाऱ्याकडेच होतं. म्हणजे माझ्याकडे. मी पहिलं नाव लिहिलं. दुसऱ्यापाशी थांबले. तुम्ही काय केलं असतं मला माहीत नाही. बहीण म्हणाली, सोड, दुसरं कुणी मिळेपर्यंत थांब. पण ढग थांबणार नव्हते, आणि त्यांनी वाचलं होतं. त्यांनी माझ्याशी काय केलं याने त्यात काही फरक पडत नव्हता. मी त्यांचं नाव लिहिलं. नुसता कडवटपणा होता, तोंडात औषधाची गोळी विरघळल्यासारखा.

पुढे संस्थेने नियम बदलला. आता प्रत्येकाने आपलं नाव आपल्याच खात्यातून, आपल्याच हाताने लावायचं, दुसऱ्याने लावलेलं चालत नाही. नियम का बदलला हे लिहिलेलं नाही. माझी तपासणी पुन्हा सुरू झाली. समन्वयक बाई एकदा म्हणाल्या, "मला त्या वेळी काय मानावं ते कळलं नाही हो." मी त्यांना म्हणाले, मलाही कळलं नव्हतं. सरांनी मला जे सांगितलं ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते सांगायचं काम माझं नव्हतं. अजूनही नाही.

सर हैदराबादला गेले. खोलीत आता बियाण्याच्या पिशव्या ठेवतात. जाताना ते भेटून गेले नाहीत आणि मीही गॅलरीकडे बघितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी नांदेडला गेले होते. परतीची वसमत गाडी भरत आली होती. वर चढले तर मधल्या रांगेत खिडकीशी सर. केस बरेच पांढरे झालेले. त्यांनी मला बघितलं, लगबगीने आणखी खिडकीला चिकटले आणि शेजारची जागा हाताने झटकली. "या मॅडम. बसा."

मी तिथे उभी राहिले. मागून माणसं ढकलत होती. मग मी वळले, मागच्यांना वाट देत देत खाली उतरले आणि फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.

कंडक्टरने दार लावलं. गाडी मागे सरू लागली आणि त्यांची खिडकी माझ्यासमोरून गेली. काच उघडी होती. पिशवी घेतलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना विचारलेलं मला ऐकू आलं, इथं कोणी हाये का. सरांचा हात अजून त्या जागेवर होता.

"व्हय," ते म्हणत होते, "मॅडम येऊन राहिल्यात."